हे पुस्तक आधी कुणाचं होतं? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या छापील पुस्तकांवरच्या सह्या-शिक्क्यांबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पोस्टमनदादांचं काम वाढवून ठेवलं. बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची, आमच्याकडे अमुक पुस्तक आहे, ते आधी कुणाकडे होतं ते कसं शोधायचं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून आठ निवडलीत. ‘याचे किती येतील’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवलीत, किंमत मी सांगत नाही, रागावू नका.

प्रश्न : ताई, रद्दीवाल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मिळाला, १८५७ ची दुसरी आवृत्ती. पुठ्ठ्याच्या आत मोडीत एक ओळ आहे, नाव कसंबसं लागलं, पण पुढे ‘शके १७८’ आणि शेवटचा आकडा कसरीनं खाल्लाय. त्या ओळीच्या वर कुणाचं तरी नाव खरवडून काढलंय. शिवाय १७ व्या पानावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का. फोटो पाठवतोय. मालक कोण ते कळेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : फोटो छान काढलेत हो, नाहीतर लोक फ्लॅश मारून पाठवतात नि मला नुसता पांढरा ठिपका दिसतो. एकेक बघू.

तुम्ही आकड्यात अडकलात पण त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, ‘प्रभव नाम संवत्सरे माघ शु॥ ५’. झालं की काम! संवत्सरं साठ, ती फिरून फिरून येतात, म्हणजे १७८० ते १७८९ या दहा शकांत प्रभव आला तर एकदाच येणार. हिशोब असा की शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा नंबर आणि प्रभव पहिला. १७८९ अधिक १२ म्हणजे १८०१, भागून बाकी १. तर कसरीनं ९ खाल्लाय. आता इसवी सन काढताना सगळे घाईत ७८ मिळवून मोकळे होतात, पण शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी वर्ष बदलतं पौषाच्या आसपास, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. म्हणजे ही ओळ १८६८ च्या सुरुवातीची. कोश १८५७ चा. मधली दहा-अकरा वर्षं तो कुठं होता? दुकानात पडून होता असं होऊ शकतं, पण वरती खरवडलेलं नाव आहे ना, ते सांगतंय की मोडीवाले गृहस्थ बहुतेक दुसरे मालक.

ते खरवडलेलं नाव वाचायचं असेल तर खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पानाला अगदी टेकवून आडवा धरा, वरून नाही. टाकानं लिहिताना कागदावर जो दाब पडतो त्याच्या खाचा सावलीत दिसतात. नाहीच दिसलं तर ओळखीच्या दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो तो पाच मिनिटं मागून घ्या. लोहाची शाई, म्हणजे त्या काळी इंग्रजी कचेऱ्यांत वापरायचे ती, फिकी पडली असली तरी त्या उजेडात गडद दिसते. बोरूची काजळीची शाई असेल तर दिव्याचा फार उपयोग नाही, ती मुळात फिकी पडतच नाही, पाणी लागलं की पसरते एवढंच.

आता १७ व्या पानावरचा शिक्का. पुस्तकाच्या मध्येच एकट्या पानावर शिक्का का मारलाय असं तुम्ही विचारलंय. हे आमच्या ग्रंथालयवाल्यांचं गुपित, आता फोडतेच. वाचनालयं पहिल्या नि शेवटच्या पानावर शिक्का मारतात, शिवाय एक ठरलेलं पान असतं, सिक्रेट पेज म्हणतो आम्ही त्याला, प्रत्येक पुस्तकात त्याच नंबरच्या पानावर शिक्का. चोरानं पहिलं पान फाडलं तरी हे राहतं. तुमच्या प्रतीत नेमकं शीर्षकपान गायब आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत पण तीच मोठी गोष्ट आहे. तेव्हा सातारा-कराड भागातल्या जुन्या वाचनालयांत जाऊन त्यांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तकं उघडा नि १७ वं पान बघा. जिथं जुळेल ते तुमचं वाचनालय. शिक्क्यावरच्या नावावरूनही काळ कळतो बरं का. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ साली निघालं तेव्हा नाव होतं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी. म्हणजे ‘नेटिव्ह’वाला शिक्का असेल तर तो जुन्या काळातला, ‘नगर’ असेल तर नंतरचा.

मोडीवाल्या गृहस्थांचं नाव मी इथं छापत नाही, वंशज असतील. तुम्ही त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या डिरेक्टऱ्या चाळा, सरकारी नोकरांच्या याद्या चाळा. मोल्सवर्थ काही घरोघरी असणारी वस्तू नव्हती, शाळामास्तर, कचेरीतले लोक, मिशनरी, संस्थानातले कारभारी अशांकडेच तो सापडायचा. पण एक लक्षात ठेवा, नावाला नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, एकाच घरात एकाच नावाचे दोघं सर्रास. गाव, हुद्दा नि साल तिन्ही जुळत नाहीत तोवर ‘बहुतेक’ हा शब्द सोडू नका.

प्रश्न : तुमचा लेख वाचला. राग मानू नका, पण पुस्तकात काय लिहिलंय ते महत्त्वाचं, ते कुणाच्या कपाटात होतं याचा एवढा खटाटोप कशाला? आता तर सगळं स्कॅन करून मिळतं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : राग कसला, माझ्या घरातही हाच प्रश्न विचारतात.

गुटेनबर्गचं बायबल घ्या, युरोपातलं सुट्या खिळ्यांनी छापलेलं पहिलं मोठं पुस्तक. त्यात कुठंही छापणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. मग ते कधीचं हे कसं ठरवलं? बऱ्याच खुणा आहेत, पण त्यातली एक अशी की पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जी कागदावरची प्रत आहे तिच्या खंडांच्या शेवटी माइन्झचा एक पाद्री, हाइनरिश क्रेमर त्याचं नाव, हातानं लिहून गेलाय की मी याची लाल शाईतली अक्षरं काढायचं नि बांधणीचं काम ऑगस्ट १४५६ मध्ये पुरं केलं. म्हणजे छपाई त्याच्या आधी झालेली, वाद मिटला. ही नोंद बाकीच्या कुठल्याही प्रतीत नाही, असणारच नाही, ती छापलेली थोडीच आहे! तुम्ही दुसरी प्रत स्कॅन करून वाचली असती तर हे कळलं नसतं.

आवृत्ती म्हणजे एका वेळी छापलेल्या सगळ्या, आणि प्रत म्हणजे ही, हातातली. मजकूर आवृत्तीचा. पण कुणी वाचलं, कुठं अडलं, कुणाला दिलं, कितीला घेतलं, हे प्रतीत. १५०० सालापर्यंत युरोपात छापलेल्या पुस्तकांच्या तीसेक हजार आवृत्त्या माहीत आहेत आणि त्यांच्या साधारण पाच लाख प्रती जगभरात अजून टिकून आहेत. तीस हजारांचे कॅटलॉग कधीच झालेत. पाच लाखांतल्या एकेका प्रतीची कुंडली मांडायचं काम आता आता सुरू झालंय. एमईआय नावाचा डेटाबेस आहे, युरोपातल्या ग्रंथालयांच्या संघानं ठेवलेला आणि ऑक्सफर्डच्या क्रिस्तिना दोंदी यांनी उभा केलेला. त्यात प्रत्येक प्रतीचे मुक्काम ओळीनं येतात, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत अमुक गावात, अमुक मठात, मग अमुक वकिलाकडे, आणि प्रत्येक मुक्कामापुढे पुरावा काय तो, सही, शिक्का, बांधणी, लिलावाची यादी. आपल्याकडे पत्रिकेत ग्रहांची दशा मांडतात ना, जवळजवळ तसंच दिसतं ते.

आणि एकेकाचे मुक्काम तरी कसे! न्यूरेंबर्गचा डॉक्टर हार्टमान शेडेल, १४९३ साली जगाचा सचित्र इतिहास लिहून छापवणारा, त्याच्या घरी शेकडो पुस्तकं होती. नातवानं १५५२ मध्ये ती फुग्गर सावकारांच्या घराण्यातल्या योहान याकोबला विकली, सावकारच पुढे कर्जात बुडाला तेव्हा १५७१ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकनं उचलली. आज ती म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहेत, शेडेलची स्वतःची रंगवलेली प्रत धरून. आजोबांनी जमवायचं नि नातवानं विकायचं, हे काही फक्त आपल्याच वाड्यांमधून होत नाही, एवढं समाधान.

प्रश्न : माझे आजोबा गार्सिया द ऑर्ताच्या गोष्टी सांगत, त्याची हाडं इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, उकरून जाळली वगैरे. गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकाची एक प्रत केंब्रिजला आहे आणि ती एका मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाची होती असं ऐकलं. हे खरं का, आणि त्याचीच हे कशावरून? – एक वाचक, मडगाव

उत्तर : खरं आहे, आणि हे माझ्या आवडीचं प्रकरण असल्यानं जरा लांबण लागेल.

ऑर्ता पोर्तुगालचा वैद्य, १५३४ साली गोव्यात आला नि इथलाच झाला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं, हे मुंबईकरांना सांगितलं की डोळे मोठे होतात. हिंग, वेलदोडा, अफू, आंबा, जायफळ असल्या गोष्टींवर त्यानं प्रश्नोत्तरांच्या रूपात पुस्तक लिहिलं, म्हणजे हे आमचं सदरच की! ते एप्रिल १५६३ मध्ये गोव्यात योहानेस द एंडेमनं छापलं. छपाई इतकी गचाळ की मागे शुद्धिपत्राची पानंच्या पानं जोडावी लागली. पण मसाला अस्सल, गोव्याच्या बाजारात बसून लिहिलेला.

पुढच्याच वर्षी, १५६४ मध्ये, फ्लँडर्सकडचा कारोलुस क्लुसियस, तुमचा तो वनस्पतिशास्त्रज्ञ, स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला निघाला, एका तरुण फुग्गरला सोबत घेऊन. हो, वरती शेडेलची पुस्तकं घेतली त्याच घराण्यातला. त्या प्रवासात ऑर्ताचं पुस्तक क्लुसियसच्या हाती लागलं. त्यानं ते संक्षेपानं लॅटिनमध्ये केलं, अँटवर्पला प्लांटँच्या छापखान्यातून १५६७ मध्ये बाहेर आलं, आणि युरोपानं ऑर्ता वाचला तो बहुतांशी या लॅटिनमधून. गोव्याचं पोर्तुगीज पुस्तक फार थोड्यांनी पाहिलं. ऑर्ता १५६८ मध्ये गेला, हाडं जाळली १५८० मध्ये, आजोबांनी सांगितलं ते बरोबर. पण तोवर पुस्तक समुद्र ओलांडून, भाषा बदलून, लोकांच्या कपाटांत जाऊन बसलेलं.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात क्लुसियसनं स्वतः वापरलेली ती गोव्याची प्रत आहे, समासात त्याच्या हातच्या नोंदी आहेत. आता त्याचाच हात कशावरून म्हणाल, तर अशा वेळी तीन गोष्टी ताडून बघतात. एक, अक्षर. क्लुसियस पत्रं लिहिणारा माणूस, त्याच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा लायडनला आहे, म्हणजे तुलनेला नमुने भरपूर. आपल्याकडे शाळामास्तर वहीवरून ओळखतात ना गृहपाठ कुणाच्या भावानं केलाय ते, त्यातलाच प्रकार, फक्त भिंग घेऊन आणि सावकाश. दोन, समासातला मजकूर. नोंदी करणारा काय उचलतोय, काय गाळतोय ते १५६७ च्या छापील लॅटिनशी लावून बघायचं. नुसत्या वाचकाच्या नोंदी वेगळ्या, पुस्तक दुसऱ्या भाषेत आणायला बसलेल्याच्या वेगळ्या, तो वाक्यं मोडतो, क्रम बदलतो, कंसात शंका लिहितो. तीन, वाट. गोव्याहून लिस्बन, लिस्बनहून क्लुसियस, हे तारखांमध्ये बसतंय का? बसतंय.

तिन्ही एकत्र आल्या की मग ‘बहुतेक’ काढून टाकायला हरकत नाही. नुसत्या एकीवर कुणी छातीठोक बोलत असेल तर त्याच्याकडून पुस्तक विकत घेऊ नका.

प्रश्न : इथल्या जुन्या बाजारात १५४१ चं एक लॅटिन पुस्तक स्वस्तात मिळालं. पहिल्या पानावर ‘अद उसुम फ्रात्रिस’ आणि एक नाव, त्याखाली वेगळ्या अक्षरात मठाचं नाव, आणि मागे शिक्का ‘डुप्लुम’, त्यात म्युनिकचं नाव. हे फ्रात्रिस आडनाव आहे का? मला कुठंच सापडत नाही. – एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : आडनाव नाही हो, ‘बंधू’! ‘अद उसुम फ्रात्रिस अमुक’ म्हणजे बंधू अमुक यांच्या वापरासाठी. मठातल्या साधूंना स्वतःच्या मालकीचं काही ठेवायची मुभा नसायची, तेव्हा पुस्तक मठाचं, नाव वापरणाऱ्याचं, तो गेला की पुस्तक परत मठात. आपल्याकडे सरकारी क्वार्टरवर पाटी साहेबांची असते म्हणून घर साहेबांचं होत नाही, तसं समजा. तुमच्या पुस्तकाचा मालक खालच्या ओळीतला मठ, बंधू फक्त भोगवटादार. जुन्या पुस्तकात नाव दिसलं की मालक सापडला असं मानणारे फार, निम्मे घोटाळे तिथंच होतात.

बाकी ठरावीक शब्द पाठ करून ठेवा, फार नाहीत. ‘एक्स लिब्रिस’ म्हणजे अमक्याच्या पुस्तकांपैकी, ‘एक्स डोनो’ म्हणजे अमक्यानं भेट दिलेलं, ‘एम्प्तुस’ दिसलं तर विकत घेतलेलं आणि बहुधा जवळपास किंमत किंवा साल असतंच.

शिक्क्यानं तर तुमची गोष्ट पुरीच केली. १८०३ मध्ये बव्हेरियातले मठ सरकारनं बंद केले आणि पुस्तकं गाड्या भरभरून म्युनिकच्या दरबारी ग्रंथालयात आली. इतक्या मठांची पुस्तकं एकत्र आल्यावर एकेकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती होणारच, मग जास्तीच्या प्रतींवर ‘डुप्लुम’, म्हणजे दुबार, असा शिक्का मारून त्या विकल्या. तुमची प्रत त्यातलीच. शिक्का कुरूप वाटला तरी तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, पुस्तक ग्रंथालयातून राजरोस बाहेर पडलं याचा. आपल्याकडे गोव्यातले मठ १८३० च्या दशकात बंद झाले तेव्हाही पुस्तकांची अशीच पांगापांग झाली, म्हणून गोव्याच्या जुन्या लॅटिन-पोर्तुगीज पुस्तकांवर मठाची ओळ दिसली तर दचकू नका.

एमईआयमध्ये तुमचं पुस्तक मिळणार नाही कारण तो १५०० पर्यंतच थांबतो. पण त्याच संघाच्या नावकोशात जुन्या मालकांची नावं, मठांची वेगवेगळी स्पेलिंगं असतात, तिथं मठ शोधा. आणि पुस्तकाची पाठ, पुठ्ठा नीट बघा. लाकडी फळी असेल आणि कडेला खिळ्याची भोकं किंवा गंजाचा डाग असेल तर ते कधीकाळी साखळीनं मेजाला बांधलेलं होतं. पानांच्या कापलेल्या कडेवर शाईनं नाव लिहिलंय का तेही बघा, कारण तेव्हा पुस्तकं कडा बाहेर करून ठेवायचे.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात एका सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असलेली दोन पुस्तकं निघाली, १८४० च्या आसपासची. चोरीची असतील का? आम्हाला फार अवघडल्यासारखं झालंय. – एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच वडिलांवर संशय घेऊ नका. वाचनालयं पुस्तकं बाद करतात, त्याला निर्लेखन म्हणतात, आणि बाद केलेली रद्दीत जातात. ‘बाद’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्का, दाखल नंबरावर तिरकी रेघ, असलं काही आहे का बघा. नसेल तर दाखल नंबर टिपून त्या वाचनालयाला पत्र लिहा, दाखल रजिस्टरात त्या नंबरापुढे शेरा असतो. शेरा ‘गहाळ’ असेल तर परत द्या, लोक चहा पाजतात, खटला भरत नाहीत.

मोठमोठे फसतात हो यात. कोलंबसनं पहिल्या सफरीबद्दल लिहिलेलं पत्र १४९३ मध्ये रोमला छापलं होतं, आठ पानांचं चिटोरं, त्याची एक प्रत फ्लॉरेन्सच्या रिकार्दियाना ग्रंथालयात होती. कुणीतरी ती काढून तिच्या जागी हुबेहूब नकली ठेवली, आणि ग्रंथालयाला कितीतरी वर्षं पत्ता नाही! खरी प्रत विकत-बिकत फिरून शेवटी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचली, त्यांनाही कल्पना नाही. २०१६ मध्ये ती इटलीला परत गेली. आपल्या प्रतीवर नेमक्या कुठल्या खुणा आहेत याची नोंद आधीपासून लिहून ठेवलेली असली की अशी अदलाबदल लवकर पकडता येते.

प्रश्न : आजोळची शिळाछाप पुस्तकं बांधायला टाकतेय. बाइंडर म्हणतो कडा कापून सारख्या करतो, पेन्सिलीच्या रेघा खोडून देतो, अगदी नव्यासारखी दिसतील. करू का? – एक वाचिका, सातारा

उत्तर : अजिबात नको! आणि हे मी शहाणपणानं नाही, ठेच खाऊन सांगतेय.

नोकरीत नवीन होते तेव्हा एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला पेन्सिलीत काहीतरी गिचमिड होती, तीन अक्षरं, तिरकी रेघ, दोन अक्षरं. मी खोडरबर घेऊन साफ केली नि वर कौतुकाची वाट बघत बसले. आमच्या वरिष्ठांनी कपाळावर हात मारला. ती पुस्तकविक्रेत्याची गुप्त किंमत होती. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवायचा, पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, शेवटचं शून्य, आणि आपण कितीला घेतलं ते त्या अक्षरांत लिहायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळत नाही. जुने कापडवाले ताग्याच्या चिठ्ठीवर लिहायचे तसलंच. प्रत्येक विक्रेत्याचा शब्द निराळा, म्हणून तो ओळखता आला तर पुस्तक कुणाच्या दुकानातून गेलं ते कळतं. मी ते कायमचं पुसून टाकलं. अजून आठवलं की कसंतरी होतं.

दुसरं, घरचंच. आमच्या एका शिळाछाप पुस्तकाच्या समासात मोडीत टिपणं होती. बाइंडरनं कडा सारख्या केल्या आणि प्रत्येक ओळीचं शेपूट उडालं. एका ठिकाणी ‘चार रुपये उसने घेत’ एवढंच उरलंय. घेतले, की घेतले होते ते फेडले, देव जाणे.

तेव्हा बाइंडरला सांगा, कडांना सुरी लावायची नाही, जुना पुठ्ठा नि आतला चिकटवलेला कागद टाकायचा नाही, सुटा झाला तर पाकिटात घालून पुस्तकासोबत द्यायचा. उसवलेली शिलाई तेवढी पुन्हा घालायची आणि खळ वापरायची, तो पांढरा डिंक नको, तो पुढे निघत नाही. सेलोटेप बघितली तर पुस्तक घेऊन पळत घरी या. एकोणिसाव्या शतकात युरोपातले हौशी श्रीमंत पुस्तकांची पानं धुऊन, ब्लीच करून, नव्या कातड्यात बांधून घेत, चकाचक. आज त्या प्रतींवर काम करणारे त्यांना शिव्या घालतात, कारण चारशे वर्षांच्या सह्या त्यांनी मळासारख्या धुऊन टाकल्या.

प्रश्न : जुन्या मराठी पुस्तकात आश्रयदात्यांची यादी छापलेली असते, त्यात आमच्या पणजोबांचं नाव आहे. म्हणजे मला मिळालेली प्रत त्यांचीच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ती यादी सगळ्या प्रतींत छापलेली आहे. पणजोबांनी आगाऊ वर्गणी भरून प्रत घेतली होती एवढंच त्यावरून कळतं, ही तीच हे सांगायला त्यांची सही, शिक्का, निदान घरच्या कुणाचं अक्षर हवं. मिळतंजुळतं उदाहरण सांगते. तंजावरचे सरफोजी महाराज पुस्तकांचे वेडे, त्यांच्या युरोपीय पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांवर त्यांची इंग्रजीतली सही आहे, ती सरस्वती महाल ग्रंथालयात बघायला मिळते. तिथं शंकाच नाही, राजानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. तुमच्याकडे पणजोबांची जुनी खरेदीखतं, पत्रं असतील तर सही काढून ठेवा आणि पुस्तकाचं पान न् पान उलटा.

प्रश्न : आत्याकडून आलेल्या पोथीवजा छापील पुस्तकात मोरपीस, वाळलेलं पिंपळपान, एक धोब्याचा हिशोब नि एक चिठ्ठी निघाली. हे फेकून द्यायचं की ठेवायचं? – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : ठेवायचं, पण पुस्तकात नाही, त्यानं पानांना डाग पडतात. आधी प्रत्येक वस्तू जिथं आहे तिथं फोटो काढा, पान नंबर लिहा, मग वेगवेगळ्या साध्या कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर तोच नंबर टाका. मोरपीस कुठल्या पानात होतं हेही लिहा, लोक आवडत्या अध्यायात ठेवतात. धोब्याच्या हिशोबावर तारीख असेल तर त्या सुमाराला पुस्तक कुणाच्या तरी हातात होतं एवढं पक्कं होतं. हातात, घरात नाही. आत्यांनी ते शेजारणीला वाचायला दिलेलं असू शकतं, आणि धोब्याच्या यादीत ‘धोतरं ६’ आहेत, आत्या तर तुम्ही लिहिता त्याप्रमाणे एकट्या राहायच्या. चिठ्ठीची मागची बाजू फोटोत आलेली नाही, तिथं घडीपाशी शाई फुटलेली दिसतेय म्हणजे पलीकडे काहीतरी लिहिलंय. तो फोटो पाठवा, पुढच्या अंकात बघू.